बाय कुणाला?

सात जण जमले की आमच्या पत्त्यांच्या खेळाच्या गटात पहिला प्रश्न हाच असतो.

आम्ही स्विस पद्धतीनं खेळतो, म्हणजे हरलेला बाहेर पडत नाही, दर फेरीला नव्या जोड्या लागतात. खेळणारे विषम असले की दर फेरीत एकाला जोडीदार उरत नाही. त्याला न खेळताच विजयाचे तीन गुण द्यायचे, याला म्हणतात बाय. मी या टेबलांवर पहिल्यांदा आले तेव्हा गटात एकटीच बाई होते. 'बाय कुणाला? बाईला!' हा विनोद दर रविवारी व्हायचा आणि दर रविवारी तितकाच हशा पिकायचा. मीही हसायचे. नव्या ठिकाणी माणूस कशालाही हसतो. पुढे जोड्या लावायचं काम माझ्याकडे आलं आणि विनोद आपोआप बंद पडला. जोड्या लावणारीशी कोण वाकडं घेणार?

२०१७ मध्ये आम्ही वीस-बावीस असायचो. पाच फेऱ्या व्हायच्या, शेवटची संपेस्तोवर रात्रीचे नऊ वाजायचे. आता सात जमले तरी हायसं वाटतं आणि आठ झाले तर मी मोठ्यानं मोजून दाखवते.

खेळ म्हणजे 'मॅजिक: द गॅदरिंग'. गणिताचा अभ्यासक असलेल्या रिचर्ड गारफिल्डनं तो काढला, १९९३ साली. आईला मी समजावलं ते असं: मेंढीकोटात बावन्न पानांचा एक कॅट असतो आणि तो चौघांत वाटतात. इथे ज्यानं त्यानं आपला कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणायचा. कमीत कमी साठ पानं, आणि जमिनीची साधी पानं (बाकीची पानं खेळायचा खर्च यांतून भागतो) सोडली तर कुठलंही पान चारपेक्षा जास्त वेळा घालायचं नाही. आजवर हजारो वेगवेगळी पानं निघालीत, त्यातली कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा. दोघांना वीस-वीस जीव. ज्याचे आधी संपले तो हरला. आई म्हणाली, "म्हणजे हुकूम घरूनच ठरवून यायचं." इतक्या थोडक्यात हा खेळ मला तोवर कुणी सांगितला नव्हता.

खेळाची तब्येत उत्तम आहे, निदान कंपनीचे आकडे तसं सांगतात. विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही मूळ कंपनी हॅस्ब्रोनं १९९९ मध्ये विकत घेतली. २०२२ मध्ये एकट्या मॅजिकची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. हॅस्ब्रोच्या कुठल्याच ब्रँडला त्याआधी ते जमलं नव्हतं. २०२३ च्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या नव्या पानांच्या संचात अंगठीचं एकच एक खास पान छापलं होतं, ते पोस्ट मलोन या गायकानं वीस लाख डॉलरच्या घरात घेतलं. २०२५ च्या जूनमध्ये 'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेमवरचा संच आला. एका दिवसात वीस कोटी डॉलरचा धंदा झाला असं कंपनीच्याच वरिष्ठांनी सांगितलं.

त्या रविवारी आम्ही सहा होतो.

गंमत अशी की 'मी खेळ सोडला' असं कुणीच म्हणत नाही. विचारलं तर सगळे खेळतायत. ठाण्याचा आमचा एक जुना भिडू आता शनिवारी रात्री घरीच चौघांना बोलावतो, बिर्याणी मागवतो आणि कमांडर खेळतो. कमांडर हा याच खेळाचा दुसरा प्रकार: शंभर पानं, साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येक पान एकदाच, चाळीस जीव, आणि टेबलाभोवती बहुतेक वेळा चौघं. मीही जाते कधीकधी. मजा येते, नाही म्हणत नाही. कुणी फार पुढे गेला की बाकीचे तिघं मिळून त्याला खाली ओढतात, पुन्हा सगळे सारखे. डाव सुरू होण्याआधी तर एक छोटी बैठकच होते: तुझा डेक किती कडक आहे, अमुक पान आहे का, तमुक चालेल का. लग्नाआधी देण्याघेण्याची बोलणी व्हावीत तशी. कुणाचा रसभंग होऊ नये ही सगळ्यांची काळजी. ती पंगत आहे. पंगतीत शेजारच्याला आग्रह करायचा असतो, त्याचं ताट ओढायचं नसतं.

तरी पंगतीतही पत्रावळी फाटतातच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कमांडरचे नियम सांभाळणाऱ्या समितीनं मॅना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटससारख्या महागड्या पानांवर बंदी घातली. समिती म्हणजे हौसेनं काम करणारी माणसं. पानांचे भाव रातोरात कोसळले आणि या माणसांना धमक्या यायला लागल्या. आठवड्याभरात त्यांनी सगळा कारभार कंपनीच्या हाती सोपवला. मी ते वाचलं तेव्हा वाईट वाटलं ते धमक्यांचं नाही, धमक्यांना आजकाल काय तोटा? वाईट वाटलं ते यासाठी की राग खेळ बिघडल्याचा नव्हता, भाव पडल्याचा होता.

भावाचा विषय निघालाच तर आमच्यातला दुसरा एक जण आता नव्या पानांची पाकिटं फोडतच नाही. अख्खा खोका घेतो, प्लास्टिकसकट कपाटात ठेवतो आणि दोन वर्षांनी विकतो. मला त्याच्या कपाटासमोर उभं राहिलं की आत्याचं घर आठवतं. सावंतवाडीहून आणलेली दशावतारी गंजिफा तिच्या शोकेसमध्ये आहे. एकशेवीस गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, लाखेचा झकास चकाकता रंग. पाहुणे आले की ती डबी काढून दाखवते. त्यातला डाव कसा मांडतात हे घरात एकालाही येत नाही. पानं मात्र नव्यासारखी आहेत, साहजिकच आहे, त्यांना कुणी पिसलेलंच नाही.

उरलेले सगळे फोनवर. याच खेळाचं अरेना नावाचं ॲप २०२१ मध्ये फोनवर आलं आणि डोंबिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या एक डाव होतो. सोयीचं आहे, मीही ठाणे ते भायखळा दोन डाव काढते. पण समोर असतं एक टोपणनाव. हरायला आला की तो डाव सोडून निघून जातो, आणि आपण कशामुळे जिंकलो ते कळायच्या आत पुढचं टोपणनाव हजर. नियम फोन सांभाळतो, त्यामुळे चूक करायचीही मुभा नाही. समोरच्यानं पान उचलल्यावर त्याचा अंगठा किंचित थांबला, हे मला कुठल्या पडद्यावर दिसणार?

माझं स्वतःचं सगळ्यात मोठं वेड लागलं ते २०१६-१७ च्या हंगामात. कारण साधं होतं. त्या सप्टेंबरात आलेल्या संचाचं जग भारतावरून घेतलेलं होतं, नाव कलादेश. परदेशी खेळात साडीसारखा पदर घेतलेली, साहिली राय नावाची बाई पानावर बघणं म्हणजे काय असतं ते मी वेगळं सांगत नाही. (त्या नावाचं पुढे एक झालं. इंग्रजी अक्षरांत ते 'काला देश' असंही वाचता येतं. २०२५ मध्ये खेळ पुन्हा त्या जगात गेला तेव्हा त्याचं नाव 'आविष्कार' झालं होतं. मराठी माणसाला कलादेशमध्ये खुपण्यासारखं काही नव्हतं, पण अक्षरं त्यांची, अडचणही त्यांचीच.)

जानेवारी २०१७ मध्ये पुढच्या संचात फेलिडार गार्डियन नावाचं एक मांजर आलं. साधं पान, पाकिटात सहज मिळणारं. तिसऱ्या पाळीला साहिली मांडायची, चौथ्या पाळीला मांजर. साहिली मांजराची नक्कल करते, नक्कल साहिलीला क्षणभर बाहेर काढून ताजीतवानी परत आणते, ती पुन्हा नक्कल करते. मांजरंच मांजरं, मोजायचीही गरज नाही. समोरचा चौथ्या पाळीला गार.

मांजरं माझ्याकडे चार होती. साहिली महाग होती, ती मी बाहेरून मागवली. पार्सल मार्चअखेर निघालं. नंतर ते कुठल्यातरी गोदामात पडून राहिलं. मी रोज फोन करायचे आणि एक गोड आवाज मला रोज 'प्रक्रियेत आहे' म्हणायचा. सोमवार, २४ एप्रिलला बंदीची यादी जाहीर होणार होती. झाली. मांजर त्यात नव्हतं! मी ऑफिसात सगळ्यांना पेढे नाही तरी कटिंग पाजला. कशासाठी ते कुणाला कळलं नाही. दोन दिवसांनी, बुधवारी, कंपनीनं आपलाच निर्णय फिरवला आणि मांजरावर बंदी घातली. पार्सल मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आलं. ड्युटी भरून चार साहिली मी घरात घेतल्या. अजून आहेत. त्यांच्यावर बंदी कधीच आली नाही, फक्त त्यांना काही कामच उरलं नाही.

हे सांगायचं कारण असं की तेव्हा वर्षाला चार मोठे संच यायचे. एखाद्या डेकमध्ये पैसे घातले की काही महिने तो डेक आपला असायचा. कंपनीनं २०२३ मध्ये पानं चालू राहण्याची मुदत दोनाची तीन वर्षं केली, तेव्हा आम्हाला बरं वाटलं. मग २०२५ मध्ये स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त अलीकडचे संच चालतात त्या प्रकारात, सहा संच आले आणि त्यातले तीन उसन्या जगांचे. फायनल फँटसी, स्पायडरमॅन आणि नोव्हेंबरात अवतार: द लास्ट एअरबेंडर. स्पायडरमॅनशी माझं काही भांडण नाही, पण एक डेक नीट हाताखाली येईस्तोवर पुढचा संच दारात. अमेरिकेत शुक्रवारी दुकानात जाऊन सुटी पानं घेता येतात. आपल्याकडे पान बाहेरून यायचं तर टपाल, ड्युटी आणि नशीब. पूर्वी कुणाचा भाऊ 'भेट' म्हणून पाकिटात दहा-बारा पानं पाठवायचा. २०१९ च्या डिसेंबरपासून परदेशातली भेट करमुक्त घ्यायची सोयही गेली. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. आमच्या काकांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, "पानाला दोरा लावून पाठवलं तर?"

काका बँकेतून निवृत्त झालेत, गटात सगळ्यात मोठे. जागा त्यांनीच मिळवून दिली. त्याआधी आमची वरात फिरत असायची. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वारा पानं उडवायचा. माटुंग्याच्या एका उडपी हॉटेलात मालकानं दोन कॉफ्यांनंतर येऊन सांगितलं, "पत्ते कुटायचे नाहीत इथे, फॅमिली येते." मी म्हटलं, "अहो, जुगार नाही हा." त्यानं पानावरचा ड्रॅगन बघितला, मग मला बघितलं, आणि बिल आणून ठेवलं. आता दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर बसतो. दोन लांब टेबलं, एक पंखा. पावसाळ्यात तिथे चकाकती फॉइलची पानं पापडासारखी वळतात, आणि वळलेलं पान गठ्ठ्यात ओळखू येतं म्हणजे नियमानं ते खुणेचं पान. जुलै-ऑगस्टात आमच्याकडे साधं पान श्रीमंत आणि फॉइल गरीब. सगळ्यांच्या डब्यांत बुटांच्या खोक्यांत येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या असतात.

गेले वर्षभर आम्ही बहुतेक पॉपर खेळतो. म्हणजे फक्त कॉमन, साध्यातली साधी पानं. स्वस्त पडतं आणि जुनी पानंही चालतात. बाहेरच्यांना वाटतं हे पडतं घेणं आहे. खेळून बघा म्हणावं.

तर गेल्या रविवारची गोष्ट. सात जण आले होते. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, आठवा बदलापूरहून निघालेला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, आजवर फक्त अरेनावर खेळलेला, समोरासमोर पहिल्यांदाच येणार होता. 'ताई कल्याणला थांबलीये गाडी', 'ताई दिवा', असे निरोप येत होते. सात जणांनी सुरू करूया का, असं दोघांनी विचारलं. बाय कुणाला, असं तिसऱ्यानं. मी थांबवलं. खरं सांगायचं तर मला बाय आवडत नाही. खाली जाऊन वडापाव खायचा, वर येऊन तीन गुण घ्यायचे. तक्त्यात पहिलं यायचं आणि आपला डेक चालतो का नाही ते माहीतच नाही. कपाटातला खोका, बिर्याणीचा शनिवार, लोकलमधलं टोपणनाव, आम्ही सगळ्यांनीच हळूहळू आपल्यापुरता एकेक बाय मिळवलाय असं मला हल्ली वाटतं.

मुलगा पावणेपाचला आला, घामाघूम. सॅकमधून डेक काढला आणि काकांनी एक पान उचलून उजेडात धरलं. छापील कागद. बदलापूरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढलेली, एका ए-फोर कागदावर नऊ पानं, कात्रीनं कापून प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकवलेली.

"हे चालणार नाही," ठाण्याचा म्हणाला. (तो त्या दिवशी आला होता, बिर्याणी शनिवारीच आटोपून.)

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रॉक्सीच्या, म्हणजे अशा छापून आणलेल्या पानांच्या, बाबतीत मी कडक म्हणून प्रसिद्ध आहे. अधिकृत स्पर्धेत त्या चालतच नाहीत. २०१८ मध्ये अशाच एका मुलाला मी परत पाठवलं होतं. तो काही बोलला नाही, डबा बंद करून जिना उतरला आणि पुन्हा आला नाही. तेव्हा आम्ही अठरा होतो, एक गेल्याचं कळलंही नाही. माझ्या चार साहिलींची ड्युटी मी भरली होती, मग यानं का नाही, असला काहीतरी हिशोब माझ्या डोक्यात असणार.

"आज अधिकृत काही नाही," मी म्हटलं. "बस."

पहिल्या फेरीत तो माझ्याच वाट्याला आला.

त्याचा डेक लाल, माझा निळा. लाल डेक भाजतो, निळा अडवतो. एक-एक बरोबरी झाली, तिसरा डाव. माझे जीव तीन उरलेले, पण माझं उडणारं जनावर दोन पाळ्यांत त्याला संपवणार होतं. माझ्यापुढे चार निळ्या जमिनी मोकळ्या, हातात दोन काउंटरस्पेल. एकेकाला दोन जमिनी लागतात. म्हणजे त्यानं दोन घाव घातले तर दोन्ही अडवता येतील, हिशोब चोख. आणि हातात एक ब्रेनस्टॉर्म. एका जमिनीत तीन पानं बघायची, दोन परत ठेवायची. मला कशाचीच गरज नव्हती. पण पुढे काय येतंय ते बघण्याचा मोह असतो ना, तसा. मी एक जमीन आडवी केली, म्हणजे वापरली, आणि ब्रेनस्टॉर्म खेळले.

त्यानं मान वर केली नाही. फक्त हातातल्या दोन पानांची अदलाबदल केली.

माझी पाळी संपता संपता त्यानं लाइटनिंग बोल्ट टाकला. खर्च एक जमीन, जातात तीन जीव. मी काउंटरस्पेल टाकून अडवला, माझ्या दोन जमिनी गेल्या. त्यानं दुसरा बोल्ट टाकला. माझ्याकडे दुसरा काउंटरस्पेल होता आणि जमीन एक.

"ताई, ते एक निळं पान उगाच खेळलात," तो म्हणाला. उर्मटपणा नव्हता, खरंच वाईट वाटून म्हणाला. "मी तीन पाळ्या वाट बघत होतो."

तीन पाळ्या! गेल्या वर्षभरात मला कुणी इतकं लक्ष देऊन हरवलं नव्हतं.

डेक आवरताना त्याच्या एका स्लीव्हमधला कागद घसरला. मागे आधाराला बदामची राणी होती. पंचाहत्तर पानांसाठी त्याला दोन कॅट लागले होते.

"आजीचे आहेत," तो म्हणाला. "तिचा मेंढीकोट बंद पडलाय. ती कॅट शोधतेय सगळीकडे."

"सांगितलं नाहीस?"

"सांगणार आहे."

रात्री दादरच्या पुलावर तो, मी आणि काका बरोबर होतो. काका पुढच्या रविवारी मुलीकडे नागपूरला, ठाण्याच्याकडे पूजा. मी बोटांवर मोजलं, सहा. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"आजीला आणू का? तिला पत्ते भारी येतात. समोरच्याच्या हातात काय आहे ते तोंड बघून सांगते."

"मग सात होतील," मी म्हटलं. "बाय लागेल."

"पहिली फेरी तिलाच द्या ना. जिना चढून आल्यावर ती आधी चहाच मागेल."

कर्जत स्लो लागली. तो सॅक पोटाशी धरून चढला, काका ओरडले, "आधी कॅट परत दे तिचे!"